कॅम्पर व्हॅनच्या मुक्कामासाठी दिव्यांच्या माळा : प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर

गाडीच्या आतले दिवे मार्गी लागले, आता बाहेरचे. मुक्कामाला गाडी उभी केली, कडेची ऑनिंग (गाडीला जोडलेलं, उघडता-मिटता येणारं कापडी छत) उघडली आणि खाली टेबल-खुर्च्या मांडल्या की तीन बाय अडीच मीटरचं अंगण तयार होतं. त्याला माळा लावायच्या आहेत. शोभा आधी, उजेड नंतर. उजेडासाठी हेडटॉर्च आहेतच.

लावायला सगळ्याच माळा सोप्या असतात. खरी परीक्षा सकाळी होते: माळ दवाने चिंब, तिच्यात अडकलेल्या काटक्या, चार कोपऱ्यांत घट्ट बसलेल्या निरगाठी आणि निघायची घाई. अशी माळ दोन-तीन मुक्काम मिरवते आणि मग कायमची डिकीच्या तळाशी जाते. म्हणून पहिली अट आवरण्याची. एका माणसाने, ओल्या हातांनी, शिडी न घेता, दहा मिनिटांत सगळं उतरवून पिशवीत भरायचं. यात न बसणारी कल्पना कितीही देखणी असो, बाद.

दुसरी अट, २३० व्होल्ट गाडीबाहेर काढायचे नाहीत. ओली जमीन, अनवाणी पाय आणि खुंट्यांना अडखळणारी माणसं असताना तो खेळ नको. शिवाय मोठा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी १० वॉटच्या आसपास खातो. माझ्या सगळ्या माळा मिळून तेवढंच खातील असा अंदाज आहे. दिव्यांइतकीच वीज दिवे चालवणाऱ्या डब्याला द्यायची, हे काही पटत नाही.

१७ सप्टेंबर

बॅटरीवर मल्टिमीटर लावून दिवसभराचे आकडे टिपले. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १०० अँपिअर-अवरची. इंजिन चालू असताना १४.३ व्होल्ट, दुपारी सोलर जोरात असताना १४.२, रात्री फ्रिज चालू असताना १३.१. म्हणजे ‘बारा व्होल्ट’ हे नुसतं घराण्याचं नाव. प्रत्यक्ष बारा व्होल्ट या गाडीत दिवसभरात एकदाही दिसले नाहीत.

दिव्यांना याने काय फरक पडतो ते टेबलावर बघितलं. साधी बारा व्होल्टची पट्टी घेतली, मीटरला ६० एलईडी असलेली. तिच्यात तीन-तीन एलईडी ओळीने आणि प्रत्येक तिघांमागे करंट आवरणारा एक रेझिस्टर असतो. पांढऱ्या एलईडीला ३.१ व्होल्ट धरले तर तिघांचे ९.३ होतात. पुरवठा १२ असेल तर उरलेले २.७ व्होल्ट रेझिस्टर खातो आणि करंट २० मिलिअँपिअर ठरतो. पुरवठा १४.४ झाला की एलईडींच्या वाट्यात फारसा फरक पडत नाही, सगळी वाढ रेझिस्टरच्या डोक्यावर येते. २.७ चे ५.१ होतात. व्होल्टेज वाढलं वीस टक्के, करंट जवळजवळ दुप्पट.

प्रत्यक्षातही तेच. एक मीटर पट्टीने १२ व्होल्टला ०.४ अँपिअर घेतला, १४.४ ला ०.७. वॉट म्हणाल तर ४.८ चे दहा झाले आणि रेझिस्टरमधली उष्णता तिपटीच्या घरात गेली. पाच मिनिटांत पट्टीवर बोट टेकवेना. गाडीत लावलेल्या स्वस्त पट्ट्या वर्षभरात ठिपक्याठिपक्याने का मरतात, ते इथे कळतं. त्यांना कोणी जास्त वेळ जाळत नाही, जास्त व्होल्टने जाळतं.

उपाय दोन. एक म्हणजे ज्यांच्या पोटात करंट बांधून ठेवणारं सर्किट आहे असेच दिवे घ्यायचे; अशांवर ‘१० ते ३० व्होल्ट’ असं काहीतरी छापलेलं असतं. दुसरा म्हणजे मध्ये एक कन्व्हर्टर बसवायचा, जो आत ९ येवोत की १८, बाहेर ठरलेलंच व्होल्टेज देतो. मी दुसरा घेतला. कारण माळा बदलत राहतील, कन्व्हर्टर गाडीत राहील. तो ११.६ ला बांधून ठेवला. करंट १५ टक्क्यांनी उतरतो, डोळ्याला फरक जाणवत नाही आणि एलईडी गार राहतात.

१८ सप्टेंबर

कन्व्हर्टर चालू केला की गाडीच्या रेडिओत घरघर. दोन्ही बाजूंच्या वायरींवर फेराइटची (विजेचा गोंगाट दाबणारी) कडी चढवली, वायरी एकमेकींना पिळून घेतल्या आणि डबा अँटेनाच्या केबलपासून दूर सरकवला. घरघर गेली.

२२ सप्टेंबर

आज तांब्याच्या बारीक तारेची माळ, तीच, जिच्यात वाटाण्याहून लहान दिवे असतात आणि जी यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालते. दहा मीटर, शंभर दिवे. दिसायला सुरेख, पण शेवटचे वीसेक दिवे सुरुवातीच्या दिव्यांपुढे मलूल.

दोष दिव्यांचा नाही, तारेचा. तांब्याची रोधकता ०.०१७२ ओहम प्रति मीटर, एक चौरस मिलिमीटरला. तार ०.३ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे छेद जेमतेम ०.०७ चौरस मिलिमीटर. जाऊन-येऊन वीस मीटर, म्हणजे जवळपास पाच ओहम. माळेला अर्धा अँपिअर लागतो आणि तो वाटेत सगळीकडे सारखा वाटला जातो असं धरलं, तर शेवटाला सव्वा व्होल्टची गळती येते, म्हणजे तेवढे व्होल्ट तारच खाते. पाचातून सव्वा गेले तर एलईडीला उरणार काय? प्रत्यक्षात शेवटचे दिवे आपला वाटा घेतच नाहीत, म्हणून गळती थोडी कमी भरते आणि शेपूट मंदावते.

माळ मधून तोडली आणि दोन्ही तुकड्यांना मधूनच वीज दिली तर? लांबी निम्मी, म्हणून रोध निम्मा. दिवे निम्मे, म्हणून करंट निम्मा. गळती एकदम चौथ्या हिश्शावर, ०.३ व्होल्ट. करून बघितलं, दोन्ही टोकं उजळ.

मला यातली आवडलेली गोष्ट वेगळीच. पाच मीटरचा तुकडा एका हाताने गुंडाळता येतो, दहा मीटरचा नाही. आवरण्याच्या सोयीसाठी तुकडे करायचे हे मनात होतंच, आता विजेनेही तोच कौल दिला. पुढचं सगळं पाच-पाच मीटरच्या दोन तुकड्यांत बसवायचं.

ही बारीक तार मात्र नापास. वार्निशचा नाजूक थर, ऑनिंगच्या कडेवर दोनदा घासली की उघडी, आणि गुंता झाला की सोडवताना तुटणारच. काचेच्या बरणीत भरून टेबलावर ठेवायला ठीक आहे.

२६ सप्टेंबर

माळ ठरली: जाड रबरी वायरवर अर्ध्या-पाऊण मीटरवर लटकणारे छोटे गोल बल्ब, दुधी काचेसारख्या प्लास्टिकचे, प्रत्येकी ०.४ वॉट. एका तुकड्यात आठ, दोन तुकड्यांत सोळा. सगळे मिळून साडेसहा वॉट होत नाहीत. सगळे समांतर जोडलेले, म्हणजे एक गेला तर एकच जातो. पट्टीत एक गेला की तीन जातात.

पारदर्शक काचेचे, आत सोनेरी तंतू दिसणारे बल्ब दुकानात जास्त खुलतात. अंधारात पाच फुटांवर बसलं की त्या तंतूची रेघ डोळ्यात उमटते आणि मिटल्यावरही दिसत राहते. दुधीच बरे.

१ ऑक्टोबर

रंगाचा प्रश्न. २२००, २७०० आणि ४००० केल्विनचे नमुने शेजारीशेजारी लावले; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. ४००० ची जागा गॅरेजमध्ये, तो पाच मिनिटांत उतरवला. मेणबत्तीची ज्योत १९०० च्या आसपास असते, २२०० तिच्या जवळचा. त्याखाली कापड, लाकूड आणि माणसांचे चेहरे छान दिसतात. सुरीने काही बारीक चिरायचं असेल तर मात्र कच्चं-पिकलं कळत नाही. म्हणून माळा २२०० च्या, आणि टेबलासाठी एक छोटा वेगळा दिवा, २७०० चा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वरचा. तो काम असेल तेव्हाच लावायचा.

किड्यांसाठीही उबदार रंग बरा. बहुतेक कीटकांचे डोळे अतिनील आणि निळ्याला तरतरीत असतात, लाल-पिवळ्याला मंद. निळा भाग जितका कमी तितकी झुंबड कमी. पण नुसत्या रंगाने भागत नाही, दिवा कुठे आहे यावरही बरंच आहे. २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी किड्यांची उड्डाणं टिपली होती. किडे दिव्याकडे झेपावत नव्हते, ते दिव्याकडे पाठ करत होते. रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून उजेडाकडे पाठ म्हणजे सरळ उडणं, हा त्यांचा लाखो वर्षांचा ठोकताळा. मध्येच एक बल्ब आला की किडा बिचारा बल्बालाच आकाश समजून कलतो आणि फेऱ्यांत अडकतो. दिव्याच्या वरून जाणारा किडा तर उलटा होऊन खालीच कोसळतो.

हे वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यात पक्की: उघडा बल्ब लांबून चहूबाजूंनी दिसता कामा नये. माळ ऑनिंगच्या झालरीच्या बाहेरून नाही, आतून जाणार.

४ ऑक्टोबर

ऑनिंग उघडून पहिली पूर्ण मांडणी. ताईला खुर्चीत बसवलं आणि मी बल्ब हलवत राहिलो.

“अरे, तो कोपऱ्यातला सरळ माझ्या डोळ्यात येतोय. समोरचा माणूस दिसतच नाही, नुसता बल्ब दिसतो.”

“पण उभं राहिल्यावर छान दिसतंय की.”

“उभं राहून कोण बसणार आहे इथे?”

मुद्दा तिचाच बरोबर. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सव्वा मीटरच्या आत-बाहेर असतात. तिथून समोर बघताना जो बल्ब नजरेच्या रेषेत येतो तो खटकतो. म्हणून मी उभ्याने ठरवायचं सोडून खुर्चीत बसून ठरवलं. माळ दोन मीटरच्या वर, झालरीच्या आत एक वीत. खुर्चीतून अर्धे बल्ब झालरीमागे जातात, कापडावर त्यांचा फक्त सोनेरी डाग दिसतो. आणि तो डागच देखणा आहे.

त्यावरून पुढचं सुचलं. दीड मीटरची पट्टी गाडीच्या बाजूला ऑनिंगच्या खाली, तोंड वर करून लावली. उजेड कापडावर आदळून खाली पसरतो. एलईडी कुणालाच दिसत नाहीत, सावल्या मऊ पडतात, पुस्तक वाचता येतं. ऑनिंगचं कापड फिकट असेल तरच हे जमेल, गडद कापड सगळा उजेड गिळून टाकतं.

माळांचा मार्ग असा ठरला. गाडीच्या भिंतीवर मधोमध सॉकेट. तिथून एक तुकडा डावीकडे, एक उजवीकडे: दीड मीटर भिंतीलगत, अडीच मीटर बाजूने बाहेर आणि उरलेला एक मीटर पुढच्या कडेला. ऑनिंग तीन मीटरची, म्हणजे पुढच्या कडेचा मधला एक मीटर दिव्याशिवाय राहतो. तो मुद्दाम ठेवला आहे. समोर डोंगर असो, पाणी असो की नुसती झाडं, बघायला तिथूनच मिळतं. चारी बाजूंनी माळ बंद केली की आपण उजेडाच्या खोलीत बसतो आणि बाहेर काळी भिंत.

६ ऑक्टोबर

डिमर आला, जोडला, परत काढला. कमी उजेडावर वारा आला की हलणाऱ्या बल्बमागे ठिपक्यांची साखळी दिसायची, सलग रेघ नाही. या डिमरमध्ये उजेड कमी करायचा म्हणजे दिवा झपाट्याने चालू-बंद करायचा, आणि हा ते सेकंदाला दोनेकशे वेळाच करत होता. स्थिर दिव्यात ते डोळ्याला कळत नाही, पण माळ हा झुलणाराच दिवा. शिवाय मोबाइलने फोटो काढला की आडवे पट्टे येतात. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या २०१५ च्या १७८९ क्रमांकाच्या शिफारशीत १,२५० हर्ट्‌झच्या वर पूर्ण चालू-बंदही कमी जोखमीची मानली आहे. दोन हजारांच्या वर चालणारा दुसरा डिमर घेतला. ठिपके इतके जवळ आले की झुलताना रेघच दिसते.

माळांना एक आणि पट्टीला एक, असे दोन वेगळे डिमर. पट्टी वाचण्यापुरती वाढवली तरी माळा मंदच राहाव्यात म्हणून.

१० ऑक्टोबर

टांगणी. हाच या प्रकल्पाचा सगळ्यात चिवट भाग.

मूळ बेत गाडीपासून सहा मीटरवर एक खांब रोवून तिथपर्यंत माळ नेण्याचा होता. चित्रांत ते फार छान दिसतं. हिशेब असा: आडव्या ताणलेल्या दोरीतला ताण म्हणजे मीटरमागचं वजन गुणिले अंतराचा वर्ग, भागिले झोळाची आठपट. माळ आणि दोरी मिळून मीटरला १०० ग्रॅम. सहा मीटरवर ३० सेंटिमीटर झोळ ठेवला तर ताण दीड किलो. झोळ १० सेंटिमीटरवर आणला की साडेचार किलो. पाचवर आणला तर नऊ. माळ सरळ रेषेत दिसावी असा हट्ट धरला तर ताण कुठच्या कुठे जातो. माळेला झोळ शोभतोही आणि परवडतोही.

पण दीड किलो असला तरी दोन मीटर उंच खांबाच्या टोकाला तो आडवा ओढणार. म्हणजे खांबाला मागून ताणाची दोरी, तिला खुंटी, अंधारात त्या दोरीला अडखळणारा कोणीतरी, आणि वारा आला की सगळंच डुलणार. सकाळी ती खुंटी उपटत बसायचं ते वेगळंच. दहा मिनिटांच्या अटीत हे बसत नाही. खांब बाद.

झाडाला बांधायचा पर्यायही बाजूला ठेवला. मुक्कामाच्या जागी हव्या तिथे झाड असतंच असं नाही. कधी बांधायची वेळ आलीच तर रुंद पट्टा वापरायचा; बारीक दोरी ताणली की सालीखालच्या जिवंत थराला काचते. खिळा तर नाहीच.

ऑनिंगची बाजू फक्त अडीच मीटर. दहा सेंटिमीटर झोळ धरला तरी ताण ८०० ग्रॅमच्या आत, तो ऑनिंगचा दांडा सहज सोसतो.

वायरवर मात्र हा ताण येऊ द्यायचा नाही. तीन मिलिमीटरची न ताणणारी दोरी घेतली आणि माळ तिला कायमची बांधून टाकली, बल्बागणिक एक काळा केबल टाय. काळाच घ्यायचा, पांढरे ऊन खाऊन तडकतात. दोन टायांमध्ये वायर दोरीपेक्षा बोटभर सैल ठेवली, म्हणजे ओढ दोरीवरच येते. दोरी-माळ आता एकच वस्तू. दोन वेगळ्या गोष्टी टांगायच्या नाहीत, दोन वेगळ्या उतरवायच्या नाहीत.

१३ ऑक्टोबर

भिंतीकडची बाजू. ऑनिंगच्या डब्याखाली गाडीला अॅल्युमिनियमची एक खोबण आहे, सहा मिलिमीटर जाडीची गोल कड सरकवता येते अशी. जुन्या तंबूच्या कापडाची तशी कड कापून तिला नाड्यांचे फास शिवले. अशा कडेच्या दीड-दीड मीटरच्या दोन पट्ट्या एका टोकाने खोबणीत घातल्या की सरसर आत जातात. उतरवताना नुसतं ओढायचं.

पुढच्या कडेला चुंबक लावायचा विचार होता, पण तिथे सगळं अॅल्युमिनियम. चुंबक चिकटतो तो फक्त गाडीच्या पोलादी पत्र्याला. फायबरग्लासच्या अंगाच्या गाड्यांत तोही पर्याय नाही. आणि जिथे चिकटतो तिथेही रबर चढवलेलाच घ्यावा. उघडा चुंबक सरळ ओढला तर घट्ट, पण खालच्या बाजूला ओढ आली की पत्र्यावरून घसरतो. वर लोखंडाची बारीक धूळ गोळा करून रंगावर ओरखडे काढतो.

पुढे म्हणून चिमटे. ऑनिंगच्या दांड्यावर बसणारे प्लास्टिकचे चिमटे, त्यांना कडी, कडीतून दोरी आणि शेवटी सुरगाठ. एक टोक ओढलं की मोकळी. थंडीने बधिर झालेल्या बोटांनाही जमते, तपासलं.

१९ ऑक्टोबर

पाण्याची चाचणी. झारीने दहा मिनिटं वरून, मग बाजूने.

वस्तू धूळ-पाणी किती रोखते ते आयपी क्रमांक सांगतो; त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा ४ असेल तर कुठूनही आलेले शिंतोडे चालतात, ५ असेल तर पाण्याची धार, ७ असेल तर एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. माळेच्या खोक्यावर ‘आयपी ६५’ होतं आणि बल्ब तेवढे खरेच टिकले. खोक्यातच आलेला छोटा कंट्रोलर मात्र त्या आकड्यात मोडत नव्हता. त्याच्या बटणाखालून पाणी आत गेलं. बाहेर पडेल त्या प्रत्येक भागाचा आकडा वेगळा बघावा लागतो. तो कंट्रोलर तसाही नको होता. आठ प्रकारे लुकलुकण्याची सोय त्यात होती, आणि आठही असह्य.

माझी योजना: कन्व्हर्टर, डिमर, फ्यूज सगळं गाडीच्या आत. बाहेर फक्त वायर, बल्ब आणि फिरकीचे पाणीरोधक कनेक्टर. हे कनेक्टर जोडलेले असतात तेव्हाच पाणीरोधक असतात. सुटल्यावर दोन्ही तोंडं उघडी. म्हणून प्रत्येक तोंडाला रबरी टोपी, आणि ती टोपी वायरलाच दोऱ्याने बांधलेली, नाहीतर पहिल्याच मुक्कामी गवतात हरवेल.

सॉकेटकडे येणारी वायर खाली झुकवून मग वर घेतली. वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झुकलेल्या वळणातून खाली टपकतं, सॉकेटपर्यंत चढत नाही. झारीने पाणी ओततानाच दिसलं: वळणाच्या तळाशी थेंब धरतो, फुगतो, पडतो, पुन्हा धरतो. वायरच्या वरच्या अंगाला एक थेंबही नाही. पैसे न लागणारी इतकी चांगली युक्ती दुसरी नाही.

पट्टीच्या सिलिकॉन नळीची टोकं सिलिकॉननेच बुजवली. नळीत पाणी शिरतं ते टोकांतून, मधून कधीच नाही.

२३ ऑक्टोबर

वायरिंग पक्कं केलं. बॅटरीच्या वितरण पट्टीवरून दीड चौरस मिलिमीटर छेदाची वायर, सुरुवातीलाच तीन अँपिअरचा जांभळा फ्यूज. दिव्यांना इतका लागत नाही, पण फ्यूज दिव्यांसाठी नसतोच, वायरसाठी असतो. वाटेत कुठे वायर चिमटली तर आधी तो उडायला हवा. म्हणून तो बॅटरीच्या टोकाला, दिव्यांच्या टोकाला नाही. त्यानंतर स्विच, कन्व्हर्टर, डिमर, बाहेरचं सॉकेट. सांध्यांवर आत गोंद असलेले श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणाऱ्या नळ्या. गरम केल्यावर कडेने गोंदाचा बारीक मणी बाहेर डोकावला की समजायचं, आत पाणी जाणार नाही.

३१ ऑक्टोबर

पहिला खरा मुक्काम. अंधार पडल्यावर पोचलो, म्हणजे परीक्षा कडकच. खोबणीत पट्ट्या, दोन चिमटे, दोन सुरगाठी, दोन कनेक्टर. ऑनिंग उघडण्यालाच जास्त वेळ लागला.

माळा पूर्ण उजेडावर लावल्या, अर्ध्या तासात मध्यावर आणल्या, जेवणानंतर आणखी खाली. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं घेतात, आणि सरावले की जे आधी कमी वाटत होतं तेच भगभगीत वाटू लागतं. शेवटी डिमर इतका खाली होता की दिवसा चालू आहे की नाही हे ओळखू आलं नसतं. तरी ताई त्यात विणत बसली होती.

दोन जागा सोडल्यावर दुसरी गाडी होती. त्यातले काका फिरताना थांबले, म्हणाले, “तुमचे दिवे आमच्या खिडकीतून दिसतच नाहीत हो. बरं वाटलं.” माळ लावणाऱ्याला याहून मोठी पावती नको. डार्कस्काय इंटरनॅशनल ही संस्था १९८८ पासून रात्रीच्या आकाशासाठी काम करते. बाहेरच्या दिव्यांबद्दल तिची पाच तत्त्वं आहेत: गरजेपुरता, हवा तिथेच, कमीत कमी, ताब्यात ठेवलेला आणि उबदार रंगाचा. मी यातलं काही त्यांच्या यादीवरून ठरवलं नव्हतं. खुर्चीत बसून, किडे बघून आणि बॅटरी मोजून तिथेच पोचलो.

बॅटरीचं म्हणाल तर: संध्याकाळचे पाच तास, सरासरी आठ वॉट, म्हणजे ४० वॉट-अवर. १२.८ ने भागले की तीन अँपिअर-अवरच्या थोडं वर. शंभराच्या बॅटरीतून तीन टक्के. फ्रिजचा कॉम्प्रेसर ४५ वॉटचा, दिवसातला तिसरा हिस्सा चालतो असं धरलं तरी ३६० वॉट-अवर. दिवे कमी करून वीज वाचवण्यात अर्थच नाही, दिवे कमी करायचे ते डोळ्यांसाठी.

१ नोव्हेंबर

सकाळ. दव भरपूर, ऑनिंगवरून ओघळ. टोप्या लावल्या, सुरगाठी ओढल्या, पट्ट्या खोबणीतून उपसल्या. आठ मिनिटं, त्यातली दोन एक टोपी बसेना म्हणून गेली.

गुंडाळायला प्लायची एक फळी कापून ठेवली आहे, दोन्ही टोकांना खाच असलेली. तिच्यावर माळ आठच्या आकड्यात घ्यायची. गोल गोल गुंडाळली की प्रत्येक फेऱ्याला वायरला एक पीळ बसतो आणि उलगडताना तोच पीळ गाठ होऊन वर येतो. आठच्या आकड्यात एक पीळ उजवीकडचा, पुढचा डावीकडचा, दोन्ही फिटतात. बल्ब फळीच्या कडेबाहेर लटकते ठेवायचे, घासत नाहीत. ओली माळ बंद डब्यात नको. जाळीच्या पिशवीत घालून गाडीत मागे टांगली, दुपारपर्यंत कोरडी.

८ नोव्हेंबर

वाऱ्याचा मुक्काम. ऑनिंग मिटवावी लागली, त्यामुळे माळाही उतरवल्या; जोराच्या वाऱ्यात ऑनिंग उघडी ठेवून दिवे बघत बसणं हा वेडेपणा. त्या रात्री फक्त पायरीचा दिवा आणि टेबलावर बरणीतली तांब्याची माळ. तेवढ्यात काम भागलं, हेही नोंदवून ठेवतो.

एका कनेक्टरच्या पिनेवर हिरवट डाग दिसला. पिना घासून पुसल्या, विजेच्या सांध्यांसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीस लावलं. दर काही मुक्कामांनी हे करावं लागणार.

१५ नोव्हेंबर

उरलेली कामं. डाव्या आणि उजव्या तुकड्याच्या कनेक्टरांवर लाल आणि निळा स्लीव्ह चढवला. दोन्ही तुकडे सारखेच आहेत, पण टाय कुठल्या बाजूला वळले आहेत त्यावरून एक डावीकडे नीट बसतो, एक उजवीकडे. ऑनिंगच्या ताणाच्या दोऱ्यांना घोट्याच्या उंचीवर उजेड परतवणारी पट्टी गुंडाळली, तिथे दिवा लावण्याची गरज नाही, हेडटॉर्च पडला की चमकते. दोन सुटे बल्ब, चार फ्यूज, मूठभर काळे टाय फळीच्या खाचेजवळच्या छोट्या कप्प्यात.

पायरीचा दिवा अजून चिकटपट्टीवर आहे आणि त्याचा स्विच आत, पलंगाच्या टोकाला. रात्री बाहेरून येणाऱ्याला तो सापडत नाही. दार उघडलं की लागणारा चुंबकी स्विच आणला आहे, पण दाराच्या रबरापाशी वायर न्यायला जागा शोधायची आहे. दाराचं आतलं पॅनेल उघडावं लागेल, ते थंडी संपल्यावर. गारठ्यात त्याच्या प्लास्टिकच्या क्लिपा हमखास तुटतात.